नवा प्रोसेसर येतोय, मग गेमिंग लॅपटॉप आत्ता घ्यावा का?

इंटेलचे तीन प्रोसेसर बघा. २०२२ च्या सुरुवातीला आलेला आय५-१२४५०एच, पुढच्या वर्षीचा आय५-१३४२०एच आणि २०२५ मधला कोअर ५ २१०एच. तिघांतही चार मोठे आणि चार छोटे मिळून आठ कोअर (म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे चिपचे भाग), तिघांतही १२ एमबी कॅश (चिपच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी). फरक आहे तो कमाल वेगाचा: आधी ४.४, मग ४.६, मग ४.८ गिगाहर्ट्झ. तीन वर्षांत नाव दोनदा बदललं आणि वेग कागदावर नऊ टक्क्यांनी वाढला. 'नवीन येतंय, थांबतो' म्हणून ज्यानं २०२४ मध्ये हातात आलेला आय५ सोडला आणि वर्षभरानं कोअर ५ घेतला, त्याला थांबल्याचं एवढंच फळ मिळालं.

नागपुरात हा प्रश्न जून-जुलैत घरोघरी निघतो. सीईटीचा निकाल लागलेला असतो, इंजिनीअरिंग प्रवेशाचे कॅपचे राउंड चालू असतात, कुणाचं वानाडोंगरीला जमतं, कुणाचं काटोल रोडला. पोराला कोडिंगसाठी आणि कॅडसाठी लॅपटॉप लागतो, आणि गेमही खेळायचे असतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बजेट साधारण पाऊण लाख ते सव्वा लाख. सगळं ठरत आलं की एखादा मित्र सांगतो, पुढच्या पिढीचा प्रोसेसर येतोय, आत्ता घेशील तर फसशील. मग अख्खं घर अडून बसतं. बहुतेक घरांत हा लॅपटॉप पदवी मिळेपर्यंत चार वर्षं चालवायचा असतो, म्हणून या 'येतोय'मध्ये नेमकं काय असतं ते नीट बघू.

नाव नवं, आतलं काय?

चिप बनवणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी नवं नाव लागतं, कारण लॅपटॉप बनवणाऱ्यांना दरवर्षी नवं मॉडेल विकायचं असतं. चिपची आतली रचना, म्हणजे आर्किटेक्चर, मात्र दरवर्षी बदलत नाही. ती बदलायला काही वर्षांचं काम आणि अफाट पैसा लागतो. त्यामुळे मधल्या वर्षांत तीच चिप जराशी वेगवान करून नव्या नावानं येते.

एएमडीचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. २०२३ मध्ये रायझन ७ ७७३५एचएस आणि रायझन ७ ७८४०एचएस हे दोन्ही एकाच '७००० मालिके'त आले. दुकानात शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ वाटतात. पण ७७३५एचएसमध्ये आधीच्या वर्षाची झेन ३+ रचना आहे, ६ नॅनोमीटरवर बनलेली, आणि ७८४०एचएसमध्ये झेन ४, ४ नॅनोमीटरची. म्हणजे मधे अख्खी एक पिढी. ही गोष्ट नावातच लिहिलेली आहे: त्या मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक रचना सांगतो. ७७३५ मध्ये तिसरा अंक ३, ७८४० मध्ये ४. पहिला ७ फक्त मॉडेलचं वर्ष सांगतो, आणि जाहिरातीत मोठा करून दाखवतात तो हाच अंक.

उलट बाजूही बघा. ७८४०एचएस नंतर ८८४५एचएस आला, त्यानंतर रायझन ७ २६०. तिन्ही झेन ४, तिन्ही आठ कोअरचे, तिघांचाही कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ. पुढच्या दोघांत एआयच्या कामासाठीचा भाग जास्त ताकदीचा केलाय, पण खेळताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तेव्हा ७८४०एचएसचा एखादा लॅपटॉप शिल्लक मालात स्वस्त मिळत असेल तर 'जुना' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

पण म्हणून नव्या नावात कधीच काही नसतं असंही धरून चालू नका. इंटेलचा आय९-१३९८०एचएक्स आणि आय९-१४९००एचएक्स या दोघांत २४ कोअर, वेग ५.६ वरून ५.८, म्हणजे जवळपास तीच चिप. त्याच मालिकेत थोडं खाली या: आय७-१३६५०एचएक्समध्ये सहा मोठे कोअर आणि आय७-१४६५०एचएक्समध्ये आठ. इथे नव्या नावाबरोबर खरोखर जास्त माल मिळतो. २०२६ च्या जानेवारीत तर दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात दिसले. इंटेलनं पँथर लेक आणली, नवी रचना आणि १८ए नावाचं नवं निर्मितीतंत्र, पण रोख मुख्यतः सडपातळ लॅपटॉपांवर. एएमडीची रायझन एआय ४०० मालिका आली ती आधीच्या ३०० मालिकेचीच झेन ५ रचना घेऊन.

त्यामुळे 'नवीन येतंय' असं कुणी म्हटलं की त्याला एकच गोष्ट विचारा: रचना नवी आहे की नाव? कंपनीच्या साइटवर चिपचं नाव टाकलं की कोअर, कॅश, वेग आणि रचनेचं नाव एका पानावर मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे.

खेळताना काम कोण करतं

पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघं मिळून तयार करतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, गाडी कशी घसरली हा हिशेब प्रोसेसर करतो आणि ग्राफिक्स कार्डाला सांगतो. चित्र काढतं ते कार्ड. पंगतीत वाढपी कितीही असले तरी आतून भात आला नाही तर पानं रिकामीच राहतात, आणि आत भाताचे हंडे भरलेले असून वाढपी दोनच असतील तरी तेच. कोण कमी पडतोय हे ठरल्याशिवाय पैसा कुठे घालायचा ते कळत नाही.

सायबरपंकसारखा मोठा, देखणा गेम हाय सेटिंगवर लावला की कार्ड दमतं आणि प्रोसेसर आरामात असतो. अशा वेळी आय५ च्या जागी आय९ टाकला तरी फारसा फरक दिसत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ चं उलट आहे. खेळणारी पोरं मुद्दाम सेटिंग खाली आणतात, १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा पडदा असतो, कार्डाला काम कमी राहतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. तिथे मोठे कोअर, जास्त वेग आणि जास्त कॅश यांचे पैसे वसूल होतात. आय७-१३६५०एचएक्सची कॅश २४ एमबी आणि १२४५०एचची १२, ते अशा खेळात जाणवतं.

मित्राच्या लॅपटॉपवर आपला आवडता गेम लावून पाहता आला तर फार बरं. खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहिला तर कार्ड कमी पडतंय. तो साठ-सत्तरवर घुटमळत असेल आणि फ्रेमवर मर्यादा लावलेली नसेल, तर प्रोसेसर कमी पडतोय.

माझं मत विचाराल तर सव्वा लाखाच्या आतल्या बजेटमध्ये आधी कार्ड पक्कं करावं आणि मग उरलेल्या पैशात प्रोसेसर बघावा. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०५० या कार्डात ६ जीबी मेमरी आहे, ४०६० मध्ये ८, आणि ५०५० व ५०६० मध्येही ८. चार वर्षं काढायची तर ८ जीबी हवीच. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, ६ जीबीचं कार्ड मात्र आधी थकेल. आणि लॅपटॉपमध्ये दोन्ही मदरबोर्डाला जोडलेले असतात, नंतर बदलता येत नाहीत.

नागपूरचं ऊन आणि वॅटचा हिशेब

लॅपटॉपच्या प्रोसेसरची ताकद नावावर जेवढी ठरते तेवढीच त्याला किती वॅट मिळतात यावर ठरते. इंटेलच्या नावाच्या शेवटी एच असलेल्या चिपेचा आधारभूत आकडा ४५ वॅट आहे, एचएक्सचा ५५. थोड्या वेळासाठी एच ११५ पर्यंत आणि एचएक्स १५७ पर्यंत जाऊ शकते. 'जाऊ शकते' हे महत्त्वाचं. प्रत्यक्षात किती जाऊ द्यायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि तो ते कूलिंग बघून ठरवतो. कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या लॅपटॉपांवर लागतं. स्टिकर एकच असतं, ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता आपल्या गावाचा हिशेब करू. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. तो विक्रम सोडा, नवतपात पारा ४५ च्या आसपास असणं इथे नवलाचं नाही. घरात दुपारी खोली ४२ अंशांवर असेल असं धरा. चिप साधारण १०० अंशांपर्यंत तापू देतात, त्यापुढे ती स्वतःच वेग कमी करते. उष्णता बाहेर जाते ती चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या अंतरामुळे. खोली २५ अंशांची असेल तर हे अंतर ७५. खोली ४२ ची असेल तर ५८. म्हणजे तोच पंखा आणि तीच तांब्याची नळी असून उष्णता बाहेर टाकायची क्षमता जवळपास पावपट घटली. एसी खोलीत जो लॅपटॉप १४० वॅट उष्णता बाहेर फेकत होता तो आता ढोबळमानानं १०८ वर आला. उरलेले ३२ वॅट प्रोसेसर आणि कार्ड यांना आपल्या कामातून कापावे लागतात. कार्डाची तापमानाची मर्यादा तर चिपेपेक्षा खाली असते, त्याला हे ऊन अधिकच बोचतं.

यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू एसी स्टुडिओत केलेले असतात. ते आकडे खोटे नसतात, पण ते धरमपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीचे नसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: पातळ, दिसायला सुंदर लॅपटॉपमध्ये आय९ घेण्यापेक्षा जाड्याभरड्या लॅपटॉपमधला आय७ इथे जास्त पळतो. दोन मोठे पंखे, मागून आणि बाजूनं हवा सोडणाऱ्या जाळ्या, खाली हवा घ्यायला पुरेशी फट, एवढं तरी बघा. आणि चार्जर हातात घेऊन त्यावरचं बारीक लिखाण वाचा. तिथे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर लिहिलं असेल तर २३० वॅट. चार्जरच १५० वॅटचा असेल तर कार्डाचे ११५ आणि प्रोसेसरचे ५५ एकदम चालवायचे कुठून? पडदा आणि बाकीचे भाग वेगळेच. जाहिरातीत काहीही लिहिलं असलं तरी चार्जरवरचं लिखाण पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

दुसरी गोष्ट नव्या चिपच्या बाजूची आहे आणि ती मी मनापासून मानतो. नवी रचना जेव्हा खरोखर नवी असते तेव्हा तिचा मोठा फायदा कमी वॅटमध्ये तेवढंच काम करण्यात असतो. झेन ३+ पेक्षा झेन ४ चार पावलं पुढे आहे ती इथे. ४२ अंशांच्या खोलीत वॅट हीच टंचाई असते, म्हणून पुण्या-बंगळूरच्या माणसापेक्षा आपल्याला या गुणाची किंमत जास्त. थांबायचंच असेल तर वॅट वाचवणाऱ्या चिपसाठी थांबा, अर्धा गिगाहर्ट्झ जास्त मिळतो म्हणून थांबू नका.

कूलरबद्दल लोक हमखास विचारतात. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, कूलर खोली चांगली उतरवतो आणि त्याचा लॅपटॉपलाही फायदा होतो. फक्त लॅपटॉप झोताच्या अगदी समोर ठेवू नका; पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार आत जातात. खिडकी उघडी असते, धूळ येते, म्हणून उन्हाळा संपला की जाळ्या आणि पंखे साफ करून घ्यावेत. गेममध्ये फ्रेमची मर्यादा पडद्याच्या हर्ट्झएवढी लावली तरी वॅट वाचतात. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण हॉस्टेलमध्ये सगळे तेच करतात.

थांबण्याची किंमत

नव्या लॅपटॉप चिपांच्या मोठ्या घोषणा बहुधा जानेवारीत लास वेगासच्या सीईएस मेळ्यात होतात. घोषणा झाली म्हणजे माल बर्डीच्या बाजारात आला असं नाही. आधी महागडी मॉडेलं येतात, आपल्या बजेटमधली नंतर हळूहळू, आणि येतात ती सुरुवातीच्या चढ्या भावानं. त्याच सुमारास आधीच्या वर्षाचा माल मोकळा करायला सूट सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सेलमध्येही तेच. नव्याच्या बातमीचा खरा फायदा बऱ्याचदा जुनं घेणाऱ्याला होतो.

'थांबलं की स्वस्त होतं' हा जुना ठोकताळाही आता तितका भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी एवढी लागते की कारखान्यांनी तोंड तिकडे वळवलं. मायक्रॉननं त्याच डिसेंबरात आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा रॅम आणि एसएसडीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम आणि एसएसडी महागली की लॅपटॉप महागतो, मग चिप नवी असो की जुनी.

म्हणून ज्याचं कॉलेज सुरू होतंय आणि हातात काहीच नाही, त्यानं थांबू नये. ज्याच्याकडे चालता लॅपटॉप आहे आणि बजेट दीड लाखाच्या वर आहे त्यानं नवी रचना किंवा कार्डाची नवी पिढी जवळ आली असेल तर जरूर थांबावं. त्या किमतीत फरक मोठा पडतो. एएमडीच्या ९९५५एचएक्स३डीसारख्या चिपेत १२८ एमबी कॅश मिळते आणि ती खेळात दिसते.

एक शंका बरेच जण काढतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष निघाला होता. लॅपटॉपच्या चिपांना हा दोष लागू नाही असं इंटेलनं स्पष्ट केलं होतं. तेवढ्यासाठी १३६५०एचएक्स किंवा १४६५०एचएक्स नाकारू नका.

दुकानात उभं राहिल्यावर

डेमोचा लॅपटॉप चालू करून मागा. "भाऊ, जरा टास्क मॅनेजर उघडून पाहू का?" एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर क्लिक केलं की उजव्या कोपऱ्यात चिपचं पूर्ण नाव दिसतं, खाली कोअरची संख्या. बॉक्सवर नुसतं 'कोअर आय७' किंवा 'रायझन ७' लिहिलेलं असतं, पुढचे अंक आणि शेवटची अक्षरं इथे सापडतात. शेवटी यू असेल तर ती कमी वॅटची चिप, खेळायला घेऊ नये.

मग मेमरीवर क्लिक करा. तिथे किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच वापरात असेल तर रॅम एकाच मार्गानं चालतेय आणि प्रोसेसरवर भार असलेल्या खेळांत त्याचा फटका चांगलाच बसतो. १६ जीबीची एक पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. एकच असेल तर दुसरी बसवून द्यायला किती घेणार ते बिल होण्याआधीच ठरवा, आणि त्यानं वॉरंटीला बाधा येत नाही हेही विचारून घ्या.

रायझन ७ ७४३५एचएस हा बजेटमधल्या बऱ्याच लॅपटॉपांत दिसतो, त्याबद्दल दोन शब्द. आठ कोअर आहेत, भाव चांगला असतो, पण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे वर्गात नुसत्या नोट्स काढतानाही मोठं कार्ड चालूच राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. टेबलावर प्लग लावून खेळणार असाल तर चालेल. सकाळी बसनं कॉलेजला नेणार असाल तर ८८४५एचएस किंवा रायझन ७ २६० घ्या.

आज कुणी विचारलं तर मी सांगेन: जाड बांध्याचा लॅपटॉप, १३६५०एचएक्स, १४६५०एचएक्स, ७८४०एचएस किंवा त्याचे पुढचे दोन भाऊ, बरोबर ४०६० किंवा ५०६० पूर्ण वॅटची. यातला जो शिल्लक मालात स्वस्त पडेल तो.

ऑनलाइन घेतलात तर परत करायची मुदत थोड्या दिवसांची असते. खोका फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या खालच्या नंबराशी ताडून बघा. मग त्याच मुदतीत एकदा भर दुपारी एसी बंद ठेवून अर्धा तास सलग गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान, वॅट आणि कार्डाचे वॅट वाचा. सुरुवातीच्या पाच मिनिटांतले आकडे सोडून द्या. शेवटच्या दहा मिनिटांत जे दिसतील तेच तुमच्या लॅपटॉपचे आकडे, आणि ते जाहिरातीपेक्षा फारच खाली असतील तर मुदत संपायच्या आत बदलून मागा.